मातीचे मावळे

दसऱ्याचें सोनें लुटून झालें, कीं महाराष्ट्रांतील मुलांच्या मनास एकच ध्यास लागतो. तो म्हणजे दिवाळीच्या किल्ल्याचा. सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर देऊन घरीं आलेला मुलगा दप्तर कोपऱ्यांत टाकतो आणि खोरें-घमेलें शोधूं लागतो. विटांचे तुकडे, फुटकीं कौलें, जुनें गोणपाट, ओढ्याकांठचे गोटे, शेतांतील काळी माती व डोंगराची तांबडी माती असा सर्व सरंजाम अंगणांत जमा होतो. दगडांचा ढीग रचून त्यावर चिखलांत बुडविलेलें गोणपाट पसरलें, म्हणजे त्याच्या घड्यांतून कडे, सोंडा व घळी आपोआप उमटतात. मग वर तटबंदी, बुरूज आणि दरवाजे; उतारावर पेरलेल्या हळिवाचें किंवा मोहरीचें चार दिवसांत उगवणारें हिरवेंगार रान; पायथ्याशीं चिमुकलें गांव; एका गुहेंत वाघ; आणि सर्वांत उंच जागीं सिंहासनावर बसलेले श्रीशिवछत्रपति! या खेळास छापील नियम नाहींत आणि त्याचे वर्गहि भरत नाहींत. थोरला भाऊ धाकट्यास शिकवितो, आणि धाकटा पुढें आपल्याहून धाकट्यास. इतकी मोठी शाळा इतक्या कमी खर्चांत चाललेली दुसरीकडे क्वचितच दिसेल.

हें सर्व आठवण्याचें कारण असें कीं, इ. स. २०२५ च्या दिवाळींत मला अशा किल्ल्यांचें एक प्रदर्शन पाहावयास मिळालें. आमचें गांव पुणें जिल्ह्यांतील मुळशी तालुक्यांत आहे. मी शाळेच्या वसतिगृहांत राहतों व सुट्टी लागतांच गांवीं जातों. पौडच्या बाजूस एका शाळेच्या पटांगणांत तालुक्यांतील मुलांनीं केलेले किल्ले मांडले आहेत, असें समजल्यावरून भाऊबीज झाल्यावर दुसऱ्या दिवशीं आजोबा, माझी धाकटी बहीण व मी असे तिघे एस. टी. नें निघालों. आजोबांना आम्ही सारेजण आबा म्हणतों. ते मराठा पलटणींतील पेन्शनर शिपाई आहेत. १९७१ च्या युद्धांत ते पूर्व आघाडीवर होते. परंतु त्याविषयीं ते सहसा कांहीं बोलत नाहींत, आणि आम्हीहि विचारीत नाहीं.

भाताचीं खाचरें पिवळीं झालीं होतीं आणि ठिकठिकाणीं कापणी चालली होती. मुळशीच्या मुलास किल्ल्याचें चित्र पुस्तकांत शोधावें लागत नाहीं. मान वर केली म्हणजे झालें. कोरीगड, घनगड व कैलासगड हे आमच्याच तालुक्यांतले. तैलबैलाच्या दोन उभ्या कातळभिंतीहि आमच्याच. उत्तरेकडे मावळ तालुक्यांत तुंग, तिकोना, लोहगड आणि विसापूर. सह्याद्रीच्या पूर्वेकडील या खोऱ्यांना मावळ म्हणतात, आणि या खोऱ्यांत राहणारा तो मावळा. किल्ल्यावर मांडावयाच्या मातीच्या शिपायांना सर्व मुलें मावळे म्हणतात. पण आमच्याकडे नांगर धरून चाललेला मनुष्यहि मावळाच असतो, हें लक्षांत ठेविलें पाहिजे.

पटांगणांत शिरतांच ओल्या मातीचा वास आला. वीस-बावीस किल्ले दोन रांगांत मांडलेले होते. जुलै २०२५ मध्यें युनेस्कोनें मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादींत स्थान दिलें. त्यांपैकीं अकरा महाराष्ट्रांत आहेत व बारावा, जिंजी, तामिळनाडूंत आहे. त्या बारांपैकींच आपला किल्ला असावा, असें पुष्कळ मुलांनीं ठरविलेलें दिसलें. कोणीं राजगडाच्या पद्मावती, सुवेळा व संजीवनी या तिन्ही माच्या व मधला बालेकिल्ला मोठ्या कसोशीनें उठविला होता. कोणीं लोहगडाचा विंचूकांटा लांबच लांब काढला होता. एका गटानें पत्र्याच्या मोठ्या परातींत पाणी भरून मधोमध सिंधुदुर्ग उभा केला होता. त्याच्याभोंवतीं कागदी गलबतें तरंगत होतीं व वाऱ्याच्या झुळकीसरशीं तटावर आदळत होतीं.

मावळे मात्र बहुतेकांनीं पुण्याच्या कुंभारवाड्यांतून आणलेले होते. साच्यांतून काढलेले, लाल-पिवळ्या अंगरख्यांचे, काळ्याभोर मिशांचे ते शूर वीर पाहून हंसूं येई, कारण प्रमाणाचा विचार कोणींच केलेला नसे. एका ठिकाणीं भालदार महादरवाज्याहून उंच होता. तो गडावर कोणत्या वाटेनें चढला, हें एक कोडेंच! दुसरीकडे दुधाची घागर घेतलेली गवळण जवळच्या हत्तीच्या बरोबरीची होती. माझ्या बहिणीस ती गवळणच सर्वांत अधिक आवडली. ती म्हणाली, "दादा, ही असल्यावर गडाला तोफ कशाला पाहिजे?"

परीक्षकांची पद्धत मला फार आवडली. ते प्रत्येक किल्ल्यापाशीं थांबून तीनच प्रश्न विचारीत : पाणी कोठें आहे? धान्य कोठें ठेविलें आहे? शत्रूनें दरवाजा घेतला, तर बाहेर पडण्यास दुसरी वाट कोणती? एक किल्ला विकत आणलेल्या तयार भागांचा होता. त्यावर विजेच्या माळा चमकत होत्या, रंग झगमगीत होता, आणि तुतारीचा आवाज काढणारें यंत्रहि होतें. त्याच्यापुढें गर्दी फार. परंतु पाण्याचा प्रश्न येतांच त्याचे मालक एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागले. शेजारींच एका भावा-बहिणीनें काळ्या मातीचा कोरीगड केला होता. त्याचा एक बुरूज वाळून तडकला होता, आणि मावळे त्यांनीं घरींच शाडूचे वळलेले होते, ते ओबडधोबड. परंतु पायथ्याच्या पेठ शहापुरावरून निघालेली पायवाट, गणेश दरवाजा, माथ्यावरील सलग तट, कोराईदेवीचें देऊळ आणि दोन तळीं हीं सर्व जेथल्या तेथें होतीं. तळ्यांत खरें पाणी होतें. धान्याचें कोठार कोठें, असें विचारल्यावर त्या मुलीनें एका लहानशा खोलीचें छप्पर उचललें. आंत मूठभर नाचणी होती!

हे प्रश्न पोरकट नव्हते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत दुर्गांविषयीं एक स्वतंत्र प्रकरण आहे. तेथें पाण्याचा विचार आधीं केलेला आहे. एखाद्या ठिकाणीं गड बांधणें अगदींच अवश्य असेल व पाणी नसेल, तर प्रथम खडक फोडून टाकीं करावीं. एका झऱ्यावर विसंबूं नये. सांठविलेलें पाणी जपावें, असा त्या उपदेशाचा आशय आहे. गडावर हवालदार असे, हिशेबास सबनीस असे, आणि कोठारास कारखानीस असे. तलवार चालविणाऱ्याइतकाच धान्य मोजणाराहि गडाचा रक्षक होता. मोठमोठे गड पुष्कळदां तोफेपेक्षां उपासमारीनें व तहानेनें पडतात, हें ज्यास कळलें त्यास किल्ला कळला.

रांगेच्या शेवटीं एका मुलीनें किल्ला मुळींच केलेला नव्हता. तिनें एक खोलगट लांकडी पेटी मातीनें भरून तींत नदीचें खोरें कोरलें होतें. नदीच्या दोन्ही कांठांवर मातीचीं घरें, देवळें व पिंपळाचे पार होते, आणि एका टोंकास आडवी फळी. वर पाटी होती : "मुळशी सत्याग्रह, १९२१ ते १९२४". परीक्षक आले, तशी तिनें कळशींतून पाणी सोडण्यास आरंभ केला. पाणी फळीपाशीं तुंबलें, मागें हटलें, वाढूं लागलें. आधीं शेतें बुडालीं, मग खालच्या आळींतील घरें. मातीच्या भिंती पाण्यांत हळूहळू विरघळल्या. पाहणारे एकदम गप्प झाले. कारण ज्यांचीं पूर्वजांचीं गांवें त्या तलावाखालीं आहेत, असे कित्येक लोक त्या गर्दींत होते. टाटा कंपनीनें बांधलेल्या या धरणाचें पाणी डोंगराखालीं कोंकणांत भिरा येथें नेऊन त्याची वीज करतात. जमिनीसाठीं शेतकऱ्यांनीं १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट हे त्याचे पुढारी होते, आणि 'सेनापति' ही पदवी त्यांना याच लढ्यांत मिळाली. "यांत तुझे मावळे कोठें आहेत?" असें एका परीक्षकांनीं विचारलें. ती मुलगी म्हणाली, "हे सगळे मावळेच आहेत, गुरुजी. यांच्या हातांत तलवारी नाहींत, एवढेंच." तिनें रोज सकाळीं नवीं घरें करावीं व सायंकाळीं तीं बुडवावीं, असा तिचा क्रम होता.

प्रदर्शनाच्या मधोमध मांडवाखालीं एक मोठें मेज होतें, आणि तेथें जी मौज चालली होती तशी मीं पूर्वीं कधीं पाहिली नव्हती. आठ फूट लांब व चार फूट रुंद अशा त्या मेजावर घाटाचा देखावा मांडला होता. एका बाजूस उंच पठार, तेथून उतरणारी अरुंद वाट, खालीं खिंड, आणि दोन्ही अंगांस भुशाचें हिरवें रान. मावळे येथें बोटाच्या पेराएवढे होते. सर्व एकाच मापाचे. शाळेंतील इतिहासाच्या गुरुजींनीं मुलांकडून हें मेज करून घेतलें होतें. हें किल्ल्याप्रमाणें नुसतें पाहावयाचें नव्हतें. याजवर लढाई खेळावयाची होती.

लढाई होती उंबरखिंडीची. शाईस्तेखान पुण्यास तळ देऊन बसला असतां त्यानें कोंकणांत उतरण्यासाठीं कारतलबखानास पाठविलें. माहूरकडील शूर स्त्री रायबाघन हीहि त्याच्याबरोबर होती. फेब्रुवारी १६६१ मध्यें हें सैन्य कुरवंड्याच्या घाटानें खालीं उतरूं लागलें. शिवाजी महाराजांनीं त्यास घाट निम्मा उतरूं दिला, रानांत मावळे लपवून ठेविले, आणि पुढची व मागची अशा दोन्ही वाटा एकदम बंद केल्या. पुढें जातां येईना, मागें फिरतां येईना, पाणी मिळेना. अखेरीस रायबाघनीच्या सल्ल्यानें खानानें वकील पाठवून शरणागति पत्करली. कवींद्र परमानंदांच्या 'शिवभारत' या संस्कृत काव्यांत या प्रसंगाचें वर्णन आहे. हें स्थळ आमच्या खोऱ्याच्या उत्तरेस, घाटाखालीं आहे.

खेळाचे नियम गुरुजींनीं पुठ्ठ्यावर लिहून लाविले होते. प्रत्येक बाजूस चार-चार गडी. पायदळानें एका डावांत मोकळ्या जागीं चार इंच चालावें, रानांत दोन; घोडेस्वारानें मैदानांत आठ, परंतु घाटांत दोनच. मावळ्यांस मात्र रानांतहि चार इंच. अंतर फूटपट्टीनें मोजावयाचें. गांठ पडली म्हणजे दोघांनीं फासे टाकावयाचे. उंचावर असणारास एक अधिक. ज्या तुकडीस लागोपाठ तीन डाव पाणी मिळणार नाहीं, तिचें एक प्यादें कमी. शंका आली तर गुरुजींचा निर्णय अखेरचा. नियम एवढेच, परंतु दहा मिनिटांत असें दिसून आलें कीं, खानाच्या बाजूचा खेळाडू कितीहि हुशार असला, तरी घाटाच्या तोंडाशीं त्याची सेना दोरींत ओवलेल्या मण्यांसारखी लांबत जाते, आणि त्याचे घोडे निरुपयोगी होतात. वर्गांत 'गनिमी कावा' या विषयावर मीं दोन निबंध लिहिले आहेत. पण भूमि स्वतःच कशी लढते, हें त्या मेजापाशीं उभें राहिल्यावर जसें कळलें तसें निबंध लिहून कळलें नव्हतें.

गुरुजींनीं मधल्या वेळांत या खेळाचा थोडा इतिहास सांगितला. लढाई पटावर आणण्याची कल्पना आपल्या देशास फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. हत्ती, घोडा, रथ व पायदळ या चार अंगांवरून आपल्याकडील खेळास चतुरंग असें नांव पडलें, आणि तोच पुढें देशोदेशीं फिरून बुद्धिबळ झाला. परंतु बुद्धिबळाच्या पटावर डोंगर नाहीं, नदी नाहीं, दैवहि नाहीं. युरोपांत प्रशियाच्या राइसविट्झ नांवाच्या पितापुत्रांनीं ती उणीव भरून काढली. पित्यानें १८१२ सालीं राजास खेळाचें मेज करून दिलें. पुत्रानें १८२४ सालीं नकाशा, फासे व पंच यांचे नियम छापले, आणि सैन्यांतील अधिकारी तो खेळ अभ्यास म्हणून खेळूं लागले. पुढें एच. जी. वेल्स या इंग्रज ग्रंथकारानें १९१३ सालीं खेळण्यांतील शिपायांच्या लढायांवर 'लिटल वॉर्स' नांवाचें पुस्तक लिहिलें. खऱ्या युद्धापेक्षां हें लुटुपुटीचें युद्ध किती बरें, असें त्यानें त्यांत आग्रहानें प्रतिपादिलें. आणि पुढल्याच वर्षीं पहिलें महायुद्ध पेटलें!

आबा इतका वेळ मेजाच्या टोंकाशीं कांठीवर हात ठेवून उभे होते. डाव रंगांत आला होता. घाटाच्या वळणावर फासे पडले, खानाचीं तीन व मावळ्यांचें एक प्यादें बाद झालें, आणि एका मुलानें तीं चारहि उचलून पत्र्याच्या डब्यांत टाकलीं. टिण् टिण् असा आवाज झाला. तेव्हां आबा पुढें झाले.

"गुरुजी, एक विचारूं का? ह्ये पडलेलं गडी कुठं ठेवायचं?"

"बाद झालेलीं प्यादीं आम्ही या डब्यांत टाकतों, आबा," गुरुजी म्हणाले.

"बाद म्हंजे मेलेलं, का जखमी?"

गुरुजींस लगेच उत्तर देतां येईना. आबा शांतपणें पुढें म्हणाले, "मरतो येक, आन् जखमी व्हत्यात दोन-तीन. त्येंला उचलायला आनखी चार गडी लागत्यात. न उचलावं तर बाकीच्यांचा पाय पुढं पडत न्हाई. मग लढायला ऱ्हायलं किती? तुमच्या डब्यात येवढं सोपं हाय. तितं सोपं न्हाई."

कोणी हंसलें नाहीं. गुरुजींनीं खिशांतून पेन्सिल काढली आणि पुठ्ठ्यावरील नियमांखालीं आणखी दोन नियम लिहिले. पडलेलें प्यादें उचलूं नये; तें पडलें तेथेंच आडवें ठेवावें. पुढच्या डावांत त्याच्या तुकडींतील दोघांनीं त्याजपाशीं थांबावें. न थांबल्यास त्या तुकडीनें तो डाव सोडावा. मग त्यांनीं दोन्ही बाजूंस पहिल्यापासून पुन्हां मांडणी करावयास सांगितली.

दुसरा खेळ पहिल्यासारखा झाला नाहीं. आडव्या पडलेल्या प्याद्यांनीं घाटाची वाट अडूं लागली. महाराजांच्या बाजूचा खेळाडू प्रथम उड्या मारीत तुटून पडत होता. आतां तो प्रत्येक फाशापूर्वीं विचार करूं लागला, कारण त्याच्याहि दोन तुकड्या आपल्या माणसांजवळ अडकून पडल्या होत्या. शेवटीं त्यानें हल्ला थांबविला, रानांतून वाटा धरून ठेविल्या, आणि पाण्याच्या नियमास त्याचें काम करूं दिलें. पहिल्या खेळांत खानाचा खेळाडू शेवटच्या प्याद्यापर्यंत लढला होता. या वेळीं त्यानें अर्धें सैन्य उभें असतांनाच हात वर करून म्हटलें, "गुरुजी, मी वकील पाठवितों." म्हणजे जें १६६१ सालीं घडलें तेंच, कोणीं शिकविल्यावांचून, मेजावर घडलें.

माझ्या बहिणीनें विचारलें, "मग खानाच्या लोकांना मारलें का?" गुरुजी म्हणाले, "नाहीं. खंडणी देऊन निघून जाण्याची परवानगी महाराजांनीं त्यांना दिली." ती क्षणभर विचार करून म्हणाली, "म्हणजे ते घरीं गेले." गुरुजींनीं मान डोलाविली. त्या विजयाचें इतकें थोडक्यांत वर्णन मीं कोणत्याहि पुस्तकांत वाचलेलें नाहीं.

परततांना गाडींत आबांशेजारीं मी बसलों होतों. तलावाच्या पाण्यावर संध्याकाळचें ऊन पडलें होतें. मीं कांहीं विचारलें नव्हतें. तेच आपण होऊन बोलूं लागले. एका रात्रीं चौघांनीं मिळून एका जोडीदारास चादरींत घालून भातशेतांतून उचलून आणलें. तो सोलापूरकडचा होता. त्याच्या घरीं ज्वारीची सुगी असेल, असें तो सारखें सांगत होता. "आपल्यावानी भाताचंच रान व्हतं तितं," आबा म्हणाले. एवढें बोलून ते खिडकीबाहेर पाहूं लागले. तो वांचला कीं नाहीं, हें त्यांनीं सांगितलें नाहीं. मीं त्यांचा हात धरला. तो त्यांनीं गांव येईपर्यंत सोडविला नाहीं.

तेव्हांपासून मी कोरीगडाविषयीं निराळ्या रीतीनें विचार करतों. त्या गडावर मी दोनदां गेलों आहें. माथ्यावर तोफा आहेत. त्यांतील सर्वांत मोठीस लक्ष्मी तोफ म्हणतात, आणि तिच्यावर चढून बसलेलीं मुलें नेहमीं दिसतात. मार्च १८१८ मध्यें कर्नल प्रॉथर यानें इंग्रजांतर्फे या गडास वेढा दिला. गडावरील दारूकोठारास आग लागून मोठा स्फोट झाला आणि गड शत्रूच्या हातीं गेला. इतिहासाच्या पुस्तकांत ही हकीकत दोन ओळींत येते. पूर्वीं त्या दोन ओळी वाचून मी पुढच्या गडाकडे वळत असें. आतां असें मनांत येतें कीं, त्या कोठारापाशीं पहाऱ्यावर कोण होता? त्यास कोणीं उचललें? पेठ शहापुरांत त्याची वाट पाहणारें कोणी होतें काय? जेथें मुलें तोफेवर बसून खेळतात तेथें एके काळीं हे प्रश्न कोणी तरी रडत विचारले असतील.

कोणी म्हणतील, तर मग लहान मुलांच्या हातीं असले खेळ द्यावेच कशाला? मला तसें वाटत नाहीं. किल्ला करतांना मुलगा माती मळावयास शिकतो, उतार ओळखावयास शिकतो, चौघांशीं जमवून घ्यावयास शिकतो. ज्या डोंगराखालीं आपण जन्मलों त्यास आपल्या बापजाद्यांनीं कसें राखलें, हें त्याच्या बोटांस कळतें. आणि बोटांस कळलेलें सहसा विसरत नाहीं. खेळांतील शिपाई पडला तर तो पुन्हां उभा करतां येतो. खरा मनुष्य तसा उभा करतां येत नाहीं, ही गोष्ट जर खेळतां खेळतांच मुलाच्या ध्यानांत आली, तर त्या खेळासारखा दुसरा शिक्षक नाहीं. दोष खेळांत नाहीं. दोष आहे तो पडलेल्यांस डब्यांत टाकून विसरून जाण्यांत.

बक्षिसांची यादी सायंकाळीं लागली. पहिलें बक्षीस राजगडास मिळालें, दुसरें तडकलेल्या बुरुजाच्या कोरीगडास, आणि बुडणाऱ्या गांवांच्या त्या मुलीस एक विशेष बक्षीस देण्यांत आलें. आम्ही तोंवर निघून आलों होतों; हें मागाहून समजलें.

आमच्या घरचा किल्ला तुळशीच्या लग्नानंतर मोडला. माती बहिणीनें परसांतील वांग्यांच्या वाफ्यांत घातली, दगड कुंपणाशीं गेले, आणि मावळे धुऊन पुसून पत्र्याच्या पेटींत ठेविले. पुढील दिवाळीच्या किल्ल्याचा नकाशा मात्र आम्हीं आतांच काढून ठेविला आहे. त्यांत दोन टाकीं आहेत, नाचणीचें कोठार आहे, एक चोरदरवाजा आहे. आणि बालेकिल्ल्याच्या खालीं, सदरेपासून फार दूर नाहीं अशा सावलीच्या जागीं, बहिणीच्या आग्रहावरून एक लांबट खोपट काढलें आहे. तींत तीन मावळे निजलेले असतील आणि त्यांच्या उशाशीं ती गवळण दुधाची घागर घेऊन बसेल. ती दाराहून उंच आहे, हें खरें. परंतु त्या खोपटाचें दार आम्ही तिच्या मापानेंच करणार आहों. आमच्या शाळेंतील जे मित्र यंदा किल्ला करतील, त्यांनींहि आपल्या गडावर अशी एक जागा राखून ठेवावी, अशी त्यांस माझी विनंति आहे.